आठ दिवसांचं म्यान

मी हे लिहितो आहे याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी पोस्टकार्डापेक्षा मोठं कुणी काही लिहिलेलं नाही, आणि पोस्टकार्डाच्याही शेवटच्या दोन ओळी 'बाकी सर्व ठीक' यातच जायच्या. विषयसुद्धा मोठा नाही. एका छोट्या कुऱ्हाडीला चामड्याचं म्यान करून घेतलं, एवढाच आहे. पण त्यातली एक गोष्ट आमच्या सरांना अजून माहीत नाही. ती तोंडावर सांगायची म्हणून तीन-चारदा त्यांच्या घरी गेलो आणि दर वेळी चहा पिऊन परत आलो. म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इगतपुरीकडच्या एका खेड्यातून मी नाशिकला कॉलेजात आलो होतो आणि वसतिगृहात राहत होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे कुणाला काय विचारायचं असतं, हे सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मी काहीच विचारत नसे. वनस्पतिशास्त्राचे सर मुलांना घेऊन डोंगरात जात. त्यांचा गट त्या वर्षी मे महिन्यात हिमालयात जाणार होता. अकरा जण ठरले होते. बाराव्या जागेसाठी सर डिसेंबरातल्या पाच दिवसांच्या शिबिरात माणूस बघणार होते. मी तोवर मनमाडच्या पुढे गेलो नव्हतो, आणि मनमाडलाही एकदाच, मामाच्या लग्नात. ती जागा मला इतकी हवी होती की तिच्याबद्दल मी खोलीतल्या मुलांशीही बोललो नव्हतो.

सरांकडे त्यांच्या मेहुण्यांनी परदेशातून आणलेली एक कुऱ्हाड होती. तिला सगळे टॉमहॉक म्हणत. सरळ दांडा, एवढंसं पातं, मागच्या बाजूला हातोडीसारखा ठोकळा. तिचं मूळचं म्यान सरांच्या कुत्र्यानं आठवडाभर चघळून संपवलं होतं. उघडं पातं सामानात घ्यायचं नाही, हा सरांचा नियम. रेक्झिन त्यांना चालत नव्हतं. शिबिराच्या बैठकीत त्यांनी विचारलं की नाशिकमध्ये चामड्याचं म्यान कोण करून देईल. मग एक आवाज आला, "सर, आमच्या गावात होईल." तो माझा होता. त्या गटात मी बोललेलं ते पहिलंच वाक्य. सर इतके खूश झाले की कुऱ्हाड लगेच माझ्या हातात दिली.

शुक्रवारी ती टॉवेलात आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळून मी एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, काय आहे. मी खरं सांगितलं. त्यानं मागे बोट दाखवलं. मागच्या बाकावर तीन माणसं उघड्या कुऱ्हाडी पायाशी उभ्या करून डुलक्या घेत होती.

"मग हिला काय थंडी वाजती का?" कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडलं.

घरी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती तळहातावर तोलून पाहिली. आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी त्या जागेवर झाडांच्या फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. फांद्या तोडायच्या म्हणजे दिवसभर झाडावर, त्यामुळे दादांना कुऱ्हाडीतलं कळतं. त्यांनी अंगठ्यानं धार बघितली, दांडा वास घेऊन बघितला आणि विचारलं, "ही मोठी झाल्यावर केवढी व्हईल?"

गावाच्या खालच्या अंगाला एक बाबा होते. विहिरीवर इंजिनं येण्यापूर्वी पाणी काढायच्या चामडी मोटा त्यांनीच शिवलेल्या. पंचक्रोशीत त्यांची मोट गळत नाही असं सांगत. आता मोटा गेल्या होत्या. ते पायताणं आणि चाबूक करायचे, तेही मनाला आलं तर. मी आलेखाच्या कागदावर पात्याचं चित्र मापासकट काढून नेलं होतं. वरून, बाजूनं आणि समोरून, असं तिन्ही बाजूंनी. बाबांनी कागद उलटसुलट केला, छान आहे म्हणाले, आणि त्यावर तंबाखू मळली.

"कुऱ्हाडीला घर कशाला?" त्यांनी विचारलं. मी सरांचा नियम सांगितला. मग बाराव्या जागेचंही सांगून गेलो. का, ते कळलं नाही. कदाचित त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं म्हणून. बाबांनी कुऱ्हाड हातात फिरवून पाहिली. मग आत जाऊन जुन्या मोटेचा एक तुकडा घेऊन आले. तो त्यांनी कशासाठी जपून ठेवला होता, कोण जाणे. तुकडा पाण्यात टाकला आणि मला उद्या ये म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी माझ्यासमोर काम केलं. भिजून मऊ झालेलं चामडं पात्यावर दुमडलं. धारेच्या बाजूला आत एक जाड पट्टी घातली, म्हणजे धार टाक्यांना लागणार नाही. आरीनं भोकं पाडली, चामड्याच्या वादीनं शिवलं. पात्याला तेल लावून ते आत सारलं, वरून सुतळी आवळली. चामडं पात्याला असं चिकटलं की आतला आकार बाहेरून दिसायला लागला.

"आता ऐक," बाबा म्हणाले. "आठ दिस हात लावायचा नाय. चामडं तिच्या अंगावरच वाळलं पायजे. आधी काढलीस तर ते आकसून तोंड मिटून घील, आन् मग ती पुन्यांदा आत जायची नाय. आठ दिस."

मी विचारलं, पुढच्या रविवारी काढू का. काढ म्हणाले. काय द्यायचं विचारलं तर म्हणाले, काढल्यावर कसं झालं तेवढं कळव.

शिबिर बुधवार ते रविवार होतं.

हे माझ्या लक्षात यायला एसटी नाशिकात शिरावी लागली. म्यान वेळेत झालं होतं. फक्त कुऱ्हाड शिबिर संपेपर्यंत त्यातच राहणार होती.

त्र्यंबकच्या पुढे एका डोंगराखाली आमचा तळ होता. पहिल्याच दिवशी चुलीला लाकूड लागलं. सरांनी हात पुढे केला. मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक झाला की सरांना दोनदा विचारावं लागलं. सरांनी म्यान हातात घेऊन सगळीकडून पाहिलं. शिवण बघून त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. मग म्हणाले, "एकदाच काढून बघू या का?"

माझ्या डोळ्यांसमोर हिमालय होता, म्हणजे कॅलेंडरवर पाहिलेला. हो म्हणणं सोपं होतं. पण बाबांनी दोनदा सांगितलं होतं.

"सर, आठ दिवस म्हणालेत."

सरांनी कुऱ्हाड परत दिली, एक फांदी उचलली आणि गुडघ्यावर मोडली. निदान मोडायचा प्रयत्न केला. फांदी हिरवी होती. त्यानंतर पाच दिवस आम्ही पंधरा जणांनी हातांनी, पायांनी आणि दगडांनी लाकडं फोडली. सर गुडघ्याला तेल चोळत होते. मला वाटलं, संपलं.

कॉलेज रोडला राहणारा एक मित्र होता, त्याला तर विषयच मिळाला. म्यान उन्हात तापू नये, दवात भिजू नये म्हणून मी ते दिवसा सावलीला आणि झोपताना घोंगडीत घेत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या तंबूशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाळंतीण कशी आहे?" झालं. तेव्हापासून सगळा तळ कुऱ्हाडीला बाळंतीण म्हणू लागला. कुणी डिंकाच्या लाडवांची चौकशी केली, कुणी शेक दिलास का विचारलं. लाकूड फोडताना कुणी ओरडलं की तो मित्र बोट ओठांवर ठेवून माझ्या तंबूकडे दाखवायचा. शनिवारी गावातली एक आजी मोळी घेऊन जाताना आमची झटापट बघत उभी राहिली. तिनं कमरेचा कोयता काढला, पाच मिनिटांत आमचं दिवसाचं लाकूड तोडून दिलं आणि मोळी उचलून निघून गेली. तेवढा वेळ बाळंतिणीची चौकशी कुणी केली नाही.

रविवारी सकाळी सामान बांधून झाल्यावर सरांनी सगळ्यांना गोल उभं केलं. मी सुतळी सोडली. दांडा धरून ओढला. पातं अलगद बाहेर आलं, लोणी लावल्यासारखं. परत घातलं, तर शेवटच्या बोटभर अंतरावर चामड्यानं ते स्वतःच आत ओढून घेतलं. मित्रानं टाळ्या वाजवल्या आणि कन्यारत्न झाल्याचं जाहीर केलं. चूल विझलेली होती, तोडायला काही उरलं नव्हतं. सरांनी एक काडी जमिनीवर ठेवली, टॉमहॉकनं तिचे दोन तुकडे केले आणि म्हणाले, चला, गाडी चुकेल.

त्याच संध्याकाळी मी घरी पोस्टकार्ड टाकलं. रविवारी काढली, उत्तम झालं आहे, बाबांना सांगा. बाकी सर्व ठीक.

यादी दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या दाराला लागली. मी ती शेजारचं वेळापत्रक वाचत असल्यासारखी वाचली. बारावं नाव माझं होतं आणि पुढे कंसात 'शिधा' लिहिलं होतं. सरांनी आत बोलावलं. म्हणाले, "डोंगरात शिधा कमी पडतो, कारण सांभाळणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तू मला नाही म्हणालास. पाच दिवस." आणि त्यांनी सवयीनं गुडघा चोळला.

मी बाहेर आलो आणि बाबांना मनोमन नमस्कार केला. आठ दिवस त्यांनी सांगितले नसते तर मी कुठला जाणार होतो.

जानेवारीच्या शेवटी दादा वसतिगृहावर नवे तांदूळ घेऊन आले. मी त्यांना यादीचं सांगितलं. त्यांनी हिमालय कुठे आहे ते विचारून घेतलं, मनमाडवरूनच गाडी जाते म्हटल्यावर निवांत झाले. मग पिशवी मोकळी करता करता म्हणाले की पोस्टकार्ड शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि बाबांना जाऊन सांगितलं.

"काय म्हणाले बाबा?"

"काय म्हणतोय. दोन दिस हसतच होता म्हातारा."

मी विचारलं, का.

दादांनी पिशवीची घडी घातली. ती घालताना त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "अरे, थंडीच्या कोरड्या हवंत चामडं दोन दिसात वाळतं. समद्यांना आठ सांगतो म्हणं, म्हंजे निदान दोन तरी कळ काढत्यात. जल्मात कुणी आठ दिस थांबला नाय म्हणं. तू पयला." त्यांनी घडी काखेत मारली. "त्यानं निरोप दिलाय तुला. म्हणाला, तुझ्या पोराला सांग, पुढच्या खेपंला खरं सांगीन."