दहा पळांचं भांडं

सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात, आमच्या लोहाऱ्याकडच्या गावात सोसायटीच्या विहिरीचं पाणी पाळीपाळीनं मिळायचं. पाळी चेअरमनच्या मनगटी घड्याळावर मोजायची, आणि ते घड्याळ चेअरमनच्याच पाळीला नेमकं डुलकी घ्यायचं. पाटाच्या शेवटी जिची वांगी होती त्या म्हातारीनं तक्रार केली, तेव्हा मठाच्या स्वामींनी जुनी पोथी काढून दिली. कुणा मठवासीयानं काही शतकांपूर्वी उतरवलेली. गावाच्या मते हजार वर्षांची. तीत घटिकापात्राची कृती होती. बुडाला भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर सोडायचं. भरून बुडालं की एक घटका झाली.

जुनं अक्षर वाचणारा गावात मी एकटाच, शाळामास्तर. ‘दहा पळांचे पात्र’ असं वाचलं आणि दहा पळांत, म्हणजे चार मिनिटांत बुडेल असं भांडं करून घेतलं. घटका साठ पळांची, म्हणजे चोवीस मिनिटांची असते हे मला ठाऊक होतं. पण पोथीतली ‘एक घटका’ ही मी नक्कल करणाऱ्याची चूक ठरवली. तो वाद घालायला हयात नव्हता.

भांडं पाण्यात सोडायचंही उद्घाटन झालं. हार भांड्याला आणि चेअरमनला, दोघांनाही. ठराव झाला: एक भांडं, एक पाळी. चेअरमनचं रान विहिरीला लागून, चार मिनिटांतही भिजणारं, त्यामुळे पोथीबद्दल त्यांचा आदर एकदम वाढला.

पहिली पाळी म्हातारीची. पाणी निम्म्या पाटात होतं तोच भांडं बुडालं, विहिरीवरचं इंजिन बंद.

“मास्तर, हे तर घड्याळापरीस लबाड निघालं. आज पाणी न्हाय लागलं तर वांगी गेलीच म्हणा.”

“मावशी, पोथीत आहे तेच केलंय.” पुरावा म्हणून मी मोठ्यानं वाचू लागलो आणि त्या भरात पुढच्या पानावर गेलो. तिथं खोकल्याचा काढा होता. दोन पळ सुंठ.

“सुंठ घड्याळावर मोजत्यात व्हय?” म्हातारी म्हणाली.

मी मागचं पान पुन्हा उलटलं. पळ हे वजनही असतं. दहा पळ म्हणजे भांड्याच्या तांब्याचं वजन, बुडायचा वेळ नव्हे.

“आता ठराव झालाय,” चेअरमन म्हणाले.

“मग दुसरा करा,” मी म्हणालो. “याच भांड्याच्या सहा बुड्या म्हणजे एक घटका. सगळ्यांना सारखी.”

“आन् मोजणार कोण?” चेअरमननी विचारलं.

“म्या,” म्हणत म्हातारी भांड्यापाशी बसली.

इंजिन पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या बुडीला तिच्या सुनेनं रानातून हाळी दिली, पाणी सरीत शिरलं होतं. सहाव्या बुडीला इंजिन थांबलं, तेव्हा दोन सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. त्या सासूसुनेनं घागरींनी भिजवल्या.