निम्मी भरलेली बॅटरी

"मॅडम, दोन वर्षांत एक दिस खाडा केला न्हाई. तरी ही अशी का मेली?"

हवालदारांनी माझ्या टेबलावर पिवळी रिमोटची मोटार ठेवली आणि तिच्या पोटातून बॅटरी काढून माझ्या हातात दिली. मी तेव्हा सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हवालदार कुंडल गावचे. फौजेत ट्रक चालवून रिटायर झालेले, पत्नी वारलेली, घरात एकटे. अमेरिकेतल्या मुलाने ही मोटार स्वतः जुळवली होती आणि तिला व्हिडिओ कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी बसवली होती. आमच्याकडे तेव्हा अशी बॅटरी फारशी कोणी पाहिलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नात मधुरा आठ दिवस येऊन गेली. अंगणात मोटार पळवली आणि जाताना बजावून गेली, "मी परत आले की चालवणार. तोवर बिघडवू नका."

आता पत्र आलं होतं, नाताळच्या सुट्टीत येतोय. हवालदारांनी मोटार चालवून पाहिली. पूर्वी वीस मिनिटं पळणारी मोटार पाच मिनिटांत थांबली.

आमचे एच.ओ.डी., म्हणजे विभागप्रमुख, मागून आले. "बाई, खेळणी दुरुस्त करायला लागलात?"

"सर, लिथियमची बॅटरी आहे. मुलांना दाखवता येईल."

"दाखवा. फक्त लॅबमध्ये शर्यती नकोत."

बॅटरीत किती दम उरला आहे, हे पाहायची साधी रीत आहे. ती पूर्ण चार्ज करायची, तिच्यावर एक बल्ब लावायचा आणि व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत घड्याळ बघायचं. बल्ब अर्ध्या तासात मंदावला.

"हवालदार, वापर किती होतो?"

"वापरतोय कुठं? पोरीची हाय ती. सकाळी सहाला चहा, मग बॅटरी चार्जिंगला. हिरवा दिवा लागला की टीव्हीवर ठिवायची."

"रोज?"

"रोज! लाईटीचा काय भरवसा हाय? आन् पोरगी अचानक दारात हुबी राहिली तर? आवं, ट्रकची बॅटरी उतरू दिली की मेलीच. फौजेत सामान कायम रेडी लागतं."

घोटाळा तिथेच होता. ट्रकची बॅटरी शिशाची असते. ती भरलेली ठेवली तरच टिकते. लिथियमचं उलटं आहे. तिला काठोकाठ भरून नुसतं ठेवलं तर ती आतून झिजते, आणि उष्णतेत जास्तच. चालू टीव्हीचा माथा चांगलाच तापतो. म्हणजे हवालदारांनी दोन वर्षं रोज न चुकता तिला मारलं होतं. हे मी त्यांना जरा सौम्य शब्दांत सांगितलं. ते मोटार गुंडाळून आणलेल्या मखमली फडक्याची घडी घालत राहिले.

मी विचारलं, "मुलाने एकच बॅटरी दिली होती?"

"दुसरी हाय की. पोरीसाठी जपून ठेवलीया. ट्रंकेत, धान्याच्या खोलीत. तिला हात लावला न्हाई."

पुढच्या सोमवारी ते एस.टी.ने ती घेऊन आले. धान्याची खोली म्हणजे जाड मातीच्या भिंती, गारवा. कारखान्यातून या बॅटऱ्या अर्धवट भरूनच निघतात. ही दोन वर्षांत थोडी उतरली होती, एवढंच. पूर्ण चार्ज करून तोच बल्ब लावला. दीड तास चालला.

"म्हंजे जिची काळजी घेतली न्हाई, ती जगली," हवालदार म्हणाले. मग बॅटरी हातात घेऊन, "आता हिचं काय करू?"

"निम्मी भरून देते. परत ट्रंकेत ठेवा. मधुरा येईल त्याच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा. मध्ये काही करायचं नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

"मग सकाळी चहानंतर मी काय करू, मॅडम?"

मी म्हटलं, "मीटरवर तपासून घ्यायला आणत जा."

तीन महिन्यांतून एकदा पुरलं असतं. ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे. मी रीडिंग घ्यायची. आकडा जवळजवळ तोच असायचा. तो ते वहीत लिहायचे, स्टुलावर बसून मुलाचं पत्र वाचून दाखवायचे आणि दुपारच्या एस.टी.ने परत जायचे. इतक्यांदा यायची गरज नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. माझा मुलगा, म्हणजे तुमचे बाबा, त्याच वर्षी परदेशी गेला होता.

नाताळात मुलाला रजा मिळाली नाही. येणं लांबलं. पुढच्या जूनमध्ये मात्र हवालदारांचं कार्ड आलं: "पोरगी आली. गाडी अठरा मिनिटं पळाली. कोंबड्या अजून घाबरलेल्या आहेत." त्यानंतर ते सांगलीला आले नाहीत. लॅबच्या कपाटात त्यांची मेलेली बॅटरी तेवढी राहिली. मी ती दर वर्षी मुलांना दाखवत असे.

तर बाळांनो, लिथियमची बॅटरी निम्मी भरून, मोटारीतून काढून, गार जागी ठेवावी. तुमची रिमोटची निळी जीप माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तशीच ठेवली आहे. यायचं ठरलं की एक दिवस आधी फोन करा. पूर्ण चार्ज करायला तेवढा वेळ पुरतो.