यमुताईंच्या अंगणातली रुई

यमुताई कोणाशी भांडत नाहीत. त्या लक्षात ठेवतात. नागपूरजवळच्या खाप्याचं माहेर, पोस्टात नोकरी, आता निवृत्त. आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात.

रविवारी सकाळी कॉलनीतली मुलं घेऊन त्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर जायच्या. तिथे रुईची झुडपं होती. हात पाठीमागे बांधायचे आणि डोळ्यांनी पाहायचं, एवढाच त्यांचा नियम. केशरी फुलपाखरू रुईच्या पानाखाली अंडं घालतं, हे मुलांनी स्वतःच शोधलं. फोटो काढून ती देशभरातल्या फुलपाखरांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर पाठवत. त्यांच्यातल्या गार्गीने एका अळीचे अंड्यापासूनचे फोटो पाठवले होते. आता हिरवा कोष लटकत होता. फक्त फुलपाखराचा फोटो राहिला होता.

तेवढ्यात सोसायटीचे सचिव मुकुंदराव यांनी त्या प्लॉटवरच्या गाजरगवतावर औषध मारायचं ठरवलं. यमुताई त्यांच्याकडे गेल्या. कोष फुटेपर्यंत थांबा, निदान रुई सोडा, म्हणाल्या. मुकुंदराव हसले.

"अळ्यांसाठी कोणी प्लॉट राखून ठेवते का, यमुताई? पुस्तकात दाखवा न फुलपाखरं."

त्यांच्या माणसांनी औषध मारलं, वर कोयत्याने सगळंच साफ केलं. सोनेरी ठिपक्यांचा तो कोष गार्गीला मातीत चिरडलेला सापडला. हे कोणी केलं, असं तिने विचारलं. दुसऱ्या कोणी विषय बदलला असता. यमुताईंनी नाव सांगितलं.

मुकुंदराव एक गोष्ट विसरले होते. त्यांना साडेसाती आहे. दर शनिवारी कॉलनीतल्या मारुतीला स्वतःच्या हाताने तोडलेल्या रुईच्या पानांची माळ घालायचं त्यांचं व्रत. पानं आणत ती त्याच प्लॉटवरून. विकतची माळ चालत नाही. शनिवार उजाडला आणि जवळपास रुई उरली होती ती एकट्या यमुताईंच्या अंगणात.

ते पिशवी घेऊन आले. यमुताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग गार्गीला भिंग घेऊन बोलावलं.

"पानं न्या की. पण आधी प्रत्येक पान उलटून हिला दाखवा. अंडं असलं तर तोडायचं नाही."

मुकुंदराव उन्हात उकिडवे बसले. पान उलटायचे, गार्गी भिंग लावायची.

"काका, याच्यावर पण आहे."

मी चष्मा पुसून त्यातलं एक पान पाहिलं. मला काही दिसलं नाही. मी पान सुलटं करून मागे सरले.

"यमुताई, काहून छळता?" मुकुंदराव शेवटी म्हणाले.

"मले नका विचारू. तिले विचारा."

त्यांनी गार्गीकडे पाहिलं. चुकलं माझं, असं पुटपुटले. गार्गीने बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि एक पान तोडू दिलं. एकच.

त्या दिवशी मारुतीला माळ नव्हती. एक पान होतं. त्यानंतरही दर शनिवारी हेच चाललंय. मी एकदा म्हटलं, आता पुरे करा. यमुताई रुईला पाणी घालत होत्या.

"साडेसाती अजून बरीच बाकी आहे त्यांची," त्या म्हणाल्या, आणि उरलेलं पाणीही मुळाशी ओतलं.