नेटवर्कचा मानसजप

देवापुढचे निर्माल्य कोणी मुद्दाम साठवीत नाही. रोजची पूजा चालू असली की ते आपोआप साठते. किश्श्यांचेही तसेच असते. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराच्या तळमजल्यावर देवरे सरांचा कॉम्प्युटर नेटवर्किंगचा क्लास आहे आणि वर आमच्या मंडळाची भजनाची खोली. खाली जागा अपुरी पडू लागली, तेव्हा करमाडची ज्योती आणि सिल्लोडचा इम्रान असे दोन विद्यार्थी दुपारी वर अभ्यासाला येऊ लागले. तेव्हापासून माझ्याकडे निर्माल्याच्या जोडीने हेही साठू लागले.

इम्रान सर्टिफिकेटच्या परीक्षेत एकदा नापास झालेला होता. थोरल्या भावाने बजावले होते, की अजून एकदा बघ; या खेपेलाही नापास झालास तर गावी येऊन कापसाच्या दुकानावर बैस. इम्रानला दुकानावर बसायचे नव्हते. त्याला कुठल्या तरी सर्व्हर-रूममध्ये बसायचे होते. तिथे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, एसी असतो आणि गिऱ्हाईक येत नाही.

*

नेटवर्कचे सात थर असतात. ते खालून वर क्रमाने पाठ यावे लागतात. सरांनी त्यासाठी पिझ्झाविषयीचे एक इंग्रजी वाक्य दिले होते. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर म्हणजे एकेक थर. इम्रानला पिझ्झा आठवे, थर आठवत नसत. मी त्याच्या हाती टाळ दिले आणि सातही थर भजनी ठेक्यात बसवून दिले. ते त्याला पाठ झाले. मग त्याच्या आग्रहावरून पोर्टांचे, म्हणजे यंत्रातल्या ये-जा करायच्या दारांचे, क्रमांकही चालीवर बसवले.

एका सोमवारी मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद भजनाला जरा लवकर आले. दाराबाहेर चपला काढून, हात जोडून, सातही थर संपेपर्यंत ते उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाल गोड आहे. अभंग कोणाचा?"

मी म्हणालो, "अजून नाममुद्रा पडायची आहे."

*

नेटवर्कमध्ये यंत्रांना पत्ते वाटताना प्रत्येक गटातला पहिला आणि शेवटचा पत्ता कोणालाही द्यायचा नसतो. पहिल्याने तो गट ओळखला जातो. शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव असतो. त्याला ब्रॉडकास्ट म्हणतात. ज्योती हे वारंवार विसरे, म्हणून सरांनी तिच्याकडून ते घोकून घेतले होते.

त्याच आठवड्यात भजनानंतर प्रसादाचे पेढे मी तिला वाटायला दिले. पहिला पेढा तिने देवापुढे ठेवला, ते योग्यच झाले. शेवटचा मात्र ताटातच राखून ती हात धुऊन आली. पंगतीच्या टोकाला इम्रान बसला होता. आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहत तो म्हणाला, "अण्णा, मी ब्रॉडकास्टमधी गेलो."

*

पिंग म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला मारलेली हाक. समोरून ओ आली, तर जोडणी आहे. एके दुपारी ज्योतीच्या सगळ्या हाका वाया गेल्या आणि ती वैतागून उठू लागली. मी तिला समजावले, की हाक मारणाऱ्याने उत्तराची घाई करू नये. मी इतकी वर्षे नामस्मरण करतो आहे, अजून ओ आलेली नाही. म्हणून काही आसन सोडले नाही.

ज्योतीने यावर मनापासून विचार केला. "अण्णा, एकदा वायर चेक करून बघा."

त्या सूचनेवर माझे चिंतन चालू आहे.

*

इम्रानचा भाऊ न कळवता आला. त्या वेळी इम्रान डोळे मिटून, टाळ वाजवीत पोर्टांचे क्रमांक म्हणत होता आणि मी पखवाजावर होतो. भाऊ उंबऱ्यात थांबला. आवर्तन पूर्ण झाल्यावर त्याने मला अदबीने विचारले, की परीक्षा कॉम्प्युटरचीच आहे ना. मी होय म्हणालो.

घरून आणलेला डबा त्याने खाली ठेवला. "मेहनत तर लई दिसते, चाचा. पण नापास झाला, तर टाळ इथंच ठेवून यायला सांगा. दुकानावर चालायचं नाय."

*

परीक्षा ऑनलाइन होती. निरीक्षक कॅमेऱ्यातून पाहणार होते. आठवडा उरला असताना सरांनी नियमावली वाचून दाखवली. तीत निघाले, की परीक्षार्थीचे ओठ हलता कामा नयेत. पुटपुटताना दिसल्यास एकदा ताकीद, पुन्हा दिसल्यास परीक्षा बंद. इम्रानला ओठ न हलवता एकही थर आठवत नव्हता.

जपाचे तीन प्रकार सांगितलेले आहेत. मोठ्याने केला तो वाचिक, ओठांतल्या ओठांत केला तो उपांशु, आणि मनातल्या मनात केला तो मानस. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पोचण्यात साधकांचा जन्म जातो. इम्रानकडे शनिवारपर्यंत वेळ होता.

ज्योतीने युक्ती काढली. त्याच्या मिटलेल्या ओठांवर पान ठेवायचे. पडले की पुन्हा पहिल्यापासून. अंगणात जाऊन ती तुळशीचे पान घेऊनही आली.

मी म्हणालो, "तुळस नको. त्याला अजून परीक्षा द्यायची आहे."

*

पेरूच्या पानावर काम भागले. शुक्रवारी पान पडेनासे झाले.

इम्रानच्या खोलीवर गलका असे, म्हणून परीक्षा भजनाच्या खोलीतच द्यायचे ठरले. खोलीत कागद, पुस्तक, दुसरा माणूस, काहीही चालत नाही. ग्रंथ, तसबिरी, टाळ, पखवाज सारे आम्ही बाहेर काढले. कोपऱ्यात विठोबाची पुरुषभर उंचीची पाषाणमूर्ती आहे, ती मात्र हलण्यासारखी नव्हती. मी, सर आणि ज्योती दार ओढून बाहेर जिन्यात बसलो. आतून निरीक्षकबाईंचा आवाज ऐकू येत होता.

"आपके पीछे कौन खडा है?"

ओठ उघडावेत की नाही, हे इम्रानचे ठरत नसावे. "विठोबा है, मॅडम."

"उनको बाहर जाने को बोलिए."

"वो जाते नै, मॅडम. पत्थर के है."

मग आवाज आला, "हाथ कहाँ है उनके?"

"कमर पे."

"ठीक है. एक्झाम खतम होने तक वहीं रहने चाहिए."

त्यानंतर आतून काहीच ऐकू आले नाही. सर घड्याळ पाहत होते, ज्योती नखे खात होती, मी मानसजप करीत होतो. वेळ संपली, तरी आत शब्द नाही. सरांना धीर निघेना, तेव्हा मी दार लोटले.

पडद्यावर एकच मोठा इंग्रजी शब्द होता. ज्योतीने तो वाचला आणि खाली क्लासपर्यंत जाईल अशा आवाजात सांगितला. इम्रान पास झाला होता.

तो मात्र पडद्याकडे पाठ करून, ओठ घट्ट मिटून, मूर्तीसमोर उभा होता. मी जवळ गेलो, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडले.

"अण्णा," तो म्हणाला, "शेवटपर्यंत काढले नाय त्यांनी हात."