म्हशीशी बोलायचा आवाज

शाळेत असल्यापासून मी लोकांचे आवाज काढतो. कंडक्टर, गणिताचे सर, रुसलेली मामी, पोलादपूर स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस, सगळे माझ्या घशात भाड्याने राहायचे. म्हणून ताईला मुंबईच्या एका कॉल सेंटरला स्वतःचा व्हिडिओ पाठवायचा होता, तेव्हा तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. ताई म्हणजे काकाची मुलगी. अर्ज मीही ठोकला होता. म्हटलं, लागलं तर लागलं.

मला गंमत होती, ताईला नव्हती. तिने बाहेरून बी.ए. केलं होतं आणि डोंगरावरच्या वाडीत काकीबरोबर गुरं सांभाळत होती. काका मुंबईला. आधी दोनदा ती मुलाखतीला जाऊन आली, दोन्हीकडे ऐकून घेतलं की बोलताना भांडल्यासारखी वाटते. काकाने सांगून टाकलं होतं, आता शेवटचं बघ, नाही जमलं तर वाडी आहेच.

आवाजात तिचा काही दोष नव्हता. आमच्या वाडीसमोर दुसरी वाडी, मधे दरी. तिकडच्या माणसाला बोलवायचं तर तोंडाला हात लावून हाक घालायची आणि शब्द तिकडे पोचेपर्यंत थांबायचं. लहानपणापासून हेच केल्यावर माणूस शेजारी बसलेल्यालाही दरीपलीकडचा समजून बोलतो.

महाडच्या सायबर कॅफेत प्लायवूडची खोपटी होती, मॉनिटरवर लिंबाएवढा कॅमेरा. कंपनीने मेलमध्ये प्रश्न आणि सूचना दिल्या होत्या. मागे भिंत मोकळी ठेवा, उजेड समोरून घ्या, चमकणारे कपडे नकोत, बघायचं ते कॅमेऱ्यात. ताई आली ती लग्नातला टिकल्यांचा ड्रेस घालून, मानेपर्यंत पावडर लावून. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड दिसायला लागला.

कॅफेवाला म्हणाला, "ताई, तोंड धुऊन या. मागे नळ हाय."

ती तोंड धुऊन आली, ड्रेसवर माझा शर्ट चढवून त्यावर ओढणी घेतली. कॅफेवाल्याने थर्माकोलचा तुकडा समोर धरला, उजेड तोंडावर पडायला. मग लाल दिवा लागला आणि ताई श्वास रोखून, हात मांडीवर ठेवून ताठ बसली. आमच्याकडे फोटो असाच काढतात. हललं की फोटो खराब.

"ताई, हल की."

"हलू नये म्हंतात ना?"

"तो फोटोला. ह्याच्यात नाय हललीस तर त्यांना वाटेल नेट अडकलं."

मग तिने पहिलं उत्तर दिलं. पलीकडच्या खोपटीत एक मुलगा गेम खेळत होता, तो हेडफोन काढून उभा राहिला.

"हळू गो," मी म्हटलं.

"अरे पण मुंबईला जायचाय ना आवाज."

मग मी तिला माझा कस्टमर केअरचा आवाज शिकवला. फुकटच्या नंबरावर फोन लावून लावून तो मी पाठ केला होता. नमस्कार, मी आपली काय सहाय्यता करू शकते. ताईने तसाच्या तसा म्हटला. रेकॉर्डिंग लावून बघितलं तर ओठ तिचे आणि बोलतोय मी. तिलाही ते दिसलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"जाऊदे रे. मी आपली गुरांतच बरी."

हे ती हळू म्हणाली. इतकं हळू बोलताना मी तिला एकाच ठिकाणी ऐकलं होतं. गोठ्यात. आमची म्हैस मोठी नखरेल, आवाज चढला की दूध वर ओढते. काकीला ती थेंब देत नव्हती. ताई मात्र तिच्या कुशीला उजवा कान लावून बसायची आणि बोलत राहायची, ये गो, सोड गो, कोण नाय ओरडत तुला. म्हैस मुकाट पान्हवायची.

"ताई, म्हशीशी बोलतेस तसं बोल."

"गिऱ्हाईक म्हैस हाय काय?"

"चिडलेलं गिऱ्हाईक म्हशीहून वाईट. ये गो तेवढं म्हणू नको."

मी मॉनिटरमागे उकिडवा बसलो आणि दासगावचा म्हातारा झालो, ज्याचं सिम बंद पडलंय आणि जो ऐकूनच घेत नाही. ताई बोलायला लागली. आवाज खाली, सरळ, कुठे घाई नाही. मी आणखी चिडून बघितलं, तर ती आणखी खाली आली. शेवटी म्हाताऱ्याकडचे शब्द संपले.

कॅफेवाला थर्माकोलमागून म्हणाला, "आवाज झकास. पण ह्यांची मान बघा."

बोलता बोलता ताईची मान उजवीकडे कलली होती, पार खांद्यापर्यंत. सरळ केली की आवाज चढायचा, आवाज उतरला की मान जायची. तेवढ्यात यूपीएस ओरडायला लागला, लाइट गेली होती. कॅफेवाल्याने घाईघाईत कॅमेराच वाकडा केला, मान थोडी सरळ दिसावी म्हणून. भिंत वाकडी आली. तसाच पाठवला. मी माझा आधीच करून ठेवला होता, मला वाटतं फारच सुंदर.

कंपनीचा फोन माझ्या मोबाइलवर आला, कारण वाडीत रेंज नव्हती आणि मी पोलादपुरात होतो. बाई आधी ताईबद्दल बोलल्या. सोमवारपासून ट्रेनिंगला पाठवा, आवाज चांगला आहे, मानेला काही त्रास आहे का? मी नाही म्हटलं. मग माझं विचारलं.

"तुमच्या व्हिडिओत प्रत्येक उत्तराला वेगळा माणूस बोलतोय," त्या म्हणाल्या. "आम्हाला एकच पाहिजे होता."

समोरच्या वाडीत रेंज यायची. तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी फोन लावला, त्यांनी फोन हातात तसाच चालू ठेवून दरीत हाक घातली, ताईला नोकरी लागल्याची. शब्द पोचेपर्यंत थांबले. मग दरीपलीकडून ताईचा आवाज आला. त्यांनी सांगायची गरज पडली नाही, मला फोनमधून स्वच्छ ऐकू आला.

"म्हस कोण काढील?"

म्हस मी काढली. ताई मुंबईला गेली त्या संध्याकाळी मी वाडीवरच होतो. काकी बादली घेऊन बसली आणि लाथ खाऊन उठली. मग मी बसलो. ताईचा आवाज लावला, ये गो, सोड गो. म्हशीने वळून माझ्याकडे बघितलं आणि शेपटी तोंडावर मारली.

"मान टेक मेल्या," काकी म्हणाली. "ती कशी टेकायची?"

मी उजवा कान कुशीला लावला आणि परत सुरुवात केली. बादलीत पहिली धार वाजली.