न आलेली वही

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण — नाही, कारण सांगत बसले तर त्यातच आडोसा शोधीन. सरळच सांगते. जमेल तितकं.

सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची मी ग्रंथपाल. कॉलेजच्या ग्रंथालयाशी आमचं ठरलेलं होतं — आमच्या वाचकाला त्यांचं पुस्तक हवं असलं की मी चिठ्ठी पाठवायची, त्यांच्या मुलांना आमचं हवं असलं की तिथल्या चौधरी सरांनी. दर शुक्रवारी कापडी पिशवीतून पुस्तकं यायची-जायची. आमच्या वाचकाला कॉलेजची पायरी चढावी लागत नसे. सरांना आमचा वाचक कधी दिसत नसे. मध्ये फक्त मी. हे नीट लक्षात घ्या — मीही ते घेतलं होतं.

मीना पावरा नर्स होती. धडगावच्याही वर, एका उपकेंद्रात. बाजाराच्या दिवशी घाटातून जीपनं खाली यायची, आणि आत येण्याआधी नळावर तोंड धुवायची. मराठी जपून बोलायची, शाळेत शिकवलेली तशी. एकदा म्हणाली, "मॅडम, आमच्या पाड्यावर एक प्राध्यापक यायचे. माझी आई त्यांना गोष्टी सांगायची, ते लिहून घ्यायचे. ती वही कॉलेजात आहे म्हणतात."

आई आदल्या वर्षी गेली होती. प्राध्यापकही राहिले नव्हते. वही एकच — हातानं लिहिलेली, वर त्यांची पावरी बोली, खाली मराठी.

मी चिठ्ठी पाठवली. चौधरी सरांनी आढेवेढे घेतले, मग माझ्या शब्दावर दिली. अट एकच, वही वाचनालयाबाहेर न्यायची नाही.

ती शुक्रवारी आली. मीना मंगळवारी येणार होती. मधले दिवस मी वही घरी नेली. का? वाचायची होती, इतकंच. मळू नये म्हणून तिला वर्तमानपत्राचं कव्हरही घातलं. शनिवारी दुपारी बसून जवळजवळ सगळी वाचली. रविवारी दिवाळीची आवराआवर काढली, रद्दी बांधली, आणि रद्दीवाल्याच्या हातगाडीवर माझ्या हातानं ठेवली.

सोमवारी सकाळी वही सापडेना, तेव्हा कळलं.

रद्दीवाल्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "गाडी ते कालदिनच गई, ताई. नवापूरले." माल तिथल्या गोदामात दोन दिवस पडतो, हेही त्यानंच सांगितलं. जाता का, असंही विचारलं. एसटीनं निघाले असते तर दुपारपर्यंत पोचले असते. पण रजेचा अर्ज द्यावा लागला असता. त्यात काय लिहायचं? वही घरी नेली होती, हे?

मी गेले नाही. ढिगाऱ्यात काय सापडणार, असं स्वतःला म्हटलं. गोदाम मी आजवर पाहिलेलं नाही. ढीग केवढा होता, मला काय माहीत?

मंगळवारी मीना आली. पदर खोचून टेबलासमोर उभी राहिली. मी म्हणाले, "कॉलेजनं पाठवली नाही गं." ती म्हणाली, "बरं." पुढच्या बाजाराला पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. मी तेच सांगत गेले. चौथ्या वेळी तीच मला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माझ्यामुळे किती त्रास."

इथवर तरी भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

महिन्याभरानं चौधरी सरांचा फोन आला. वही परत हवी होती. मी म्हणाले — आवाज अजिबात न कापता — "सर, ती बाई घरी घेऊन गेली. आई गेलीय म्हणून रडली, मला नाही म्हणवलं नाही. आता येतच नाही."

ती रडली नव्हती. ती येत होती. त्या क्षणी तर ती पाच हातांवर, काचेपलीकडे, खिडकीपाशी बसून पेपर वाचत होती.

सर रागावले नाहीत. उलट मलाच समजावलं. "जाऊ द्या ताई. तुम्ही चांगुलपणा केला. वरच्या, डोंगरातल्या लोकांचं असंच असतं." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो ना, सर."

ते शब्द मला अजून ऐकू येतात. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. माझाच आवाज, नीट, स्पष्ट.

कॉलेजनं देवाणघेवाण बंद केली. नर्सिंगची, वनरक्षक भरतीची पुस्तकं मागणारी डोंगरातली मुलं-मुली रिकाम्या हातानं परत जाऊ लागली. सूचना माझ्याच अक्षरात फळ्यावर लागली होती. कारण लिहिलेलं नव्हतं.

याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात मीना आली. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. पिशवीतून कागद काढले. आईच्या गोष्टी तिनं आठवून आठवून लिहून काढल्यात, छापायच्या आहेत. "शुद्धलेखन तेवढं बघाल का?"

मी लाल पेन घेऊन बसले. एका गोष्टीत डोंगरात हरवलेल्या बहिणीला धाकटी शोधत निघते. नदीपर्यंत येते. तिथं मीनानं लिहिलंय — इथपर्यंत आलं की आम्हाला झोप लागायची, पुढचं मला माहीत नाही.

मला माहीत आहे. मोठी बहीण सापडते. नदीपलीकडच्या पाड्यावर, चुलीपुढे बसलेली, जिवंत. त्या शनिवारी मी ते वाचलं होतं. आता ते जाणणारं दुसरं कुणी असेल, असं वाटत नाही. सांगितलं तर ती विचारणार — तुम्हाला कसं माहीत?

मीना समोर बसून होती, माझ्याकडे बघत. मी पान उलटलं.

शेवटच्या पानावर तिनं आभार मानले होते. पहिलं नाव माझं — 'माझ्या आईची वही मिळावी म्हणून ज्यांनी फार धडपड केली.' माझ्या आडनावात वेलांटी चुकली होती. ती मी दुरुस्त केली आणि कागद तिच्या हातात दिले.