टेपवाले काका आणि माझं हिरवं 'हो'

टेपवाल्या काकांच्या भिलाईतल्या कोहक्याच्या घरात टीव्हीच्या रिमोटवर चार बटणं सोडून बाकी सगळ्यांवर काळी टेप चिकटवलेली असायची. गिझरच्या बटणाला लाल, पाण्याच्या मोटारीला हिरवी. काकू वैतागायच्या, "एक दिवस माह्या तोंडालेही लावतीन हे!"

हथखोजच्या एका कारखान्यात ते पत्रे सरळ करणारं रोलरचं मशीन चालवायचे. तिथली जुनी बटणं काढून काचेची स्क्रीन बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी भिलाईचाच, पण मानसशास्त्राची दोन पुस्तकं वाचून मला शिंगं फुटली होती. मी प्रत्येक कामाआधी स्क्रीनवर 'नक्की?' असा प्रश्न टाकला आणि खाली मोठं हिरवं 'हो'. विचारलं की माणूस विचार करतो, अशी माझी अक्कल.

काकांनी पहिल्याच दिवशी मान हलवली. "कावून विचारून राहिला रे बापू दर डाव? दिवसातून शंभर डाव विचारशीन, त मानूस वाचनंच सोडते. मंग हातच हो म्हनते."

"काका, यामागे शास्त्र आहे."

"असन बाप्पा. पन धोक्याचं बटन येगळ्या जागी ठेव. हात अडखळला का डोकं जागं होते."

एवढं बोलून त्यांनी काचेवर, त्या 'हो'च्या शेजारी, लाल टेपचा तुकडा लावला. मी तो नखानं खरवडून काढला. माझं डिझाइन विद्रूप दिसत होतं ना!

काही महिन्यांनी पत्रा अडकून मशीन थांबलं. फिटरनं तो काढायला आत हात घातला. अलार्म कोकलत होता. काकांनी तो बंद केला, 'नक्की?'ला 'हो' म्हटलं. लगेच त्याच जागी दुसरा प्रश्न आला, 'मशीन सुरू करायचे?' खाली तेच हिरवं 'हो'. काकांचं बोट तिथंच होतं. फिटरची तीन बोटं गेली.

चौकशीत मी लिहून दिलं, 'ऑपरेटरने सूचना वाचली नाही.' शब्द न् शब्द खरा, आणि अख्खी हरामखोरी. माझी नोकरी वाचली, काकांना घरी बसवलं. ते भांडले नाहीत. "बोट त माहंच होतं ना," एवढंच म्हणाले.

हल्ली मी नव्या मुलांना डिझाइन शिकवतो. "घाईतला माणूस वाचत नाही, त्याचा हात वाचतो," म्हटलं की टाळ्या पडतात. वाक्य कुणाचं, ते सांगायला जीभ वळत नाही. थू माझ्या जिंदगानीवर!

मागच्या महिन्यात हिंमत करून कोहक्याला गेलो. माफी मागायची होती. काकू चहा ठेवून आत गेल्या. काका खूप वाळले होते. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी विचारलं, "ते 'हो' हालवलं का रे तिथून?"

हललं नव्हतं. हलवलं तर चूक आमची होती असं होईल, म्हणून साहेबांनी स्क्रीनला हात लावू दिला नव्हता. मीही जोर धरला नव्हता. आजही तिथं दुसऱ्या कुणाचं तरी बोट आहे.

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं बाप्पा," काका म्हणाले. "रोज त्याचाच घोर लागून राहाचा मले."